युसूफ मिस्त्रींची सावकाश कसरत

दिग्रसमध्ये युसूफ मिस्त्रींपेक्षा घायकुता माणूस दुसरा नसेल. चहा बशीत ओतून थंड करायचा असतो हे त्यांना कधी मान्यच नव्हतं. ते कपातूनच दोन घोटांत संपवायचे आणि जीभ भाजली म्हणून चहावाल्यावर खेकसायचे. मोटार उघडताना हातातला पाना खाली पडला तर वाकून उचलण्याऐवजी दुसरा घ्यायचे, त्यामुळे संध्याकाळपर्यंत दुकानातले सगळे पाने जमिनीवर. समोरचा बोलायला लागला की त्याचं वाक्य हेच पुरं करायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचे. असा हा माणूस रोज सकाळी अर्धा तास मात्र इतका सावकाश हलायचा की पाहणाऱ्याला जांभई यावी.

त्या अर्ध्या तासानं गावातल्या बऱ्याच लोकांना पायांवर उभं केलं. मीही त्यांतलीच एक. आणि त्यांच्या स्वतःच्या घरातलं माणूस मात्र त्याच अर्ध्या तासापायी पडलं, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला ते पटत नाही. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, माझ्या पटण्याला तिथे कोण विचारतं.

माझे हे गेल्यावर मी बदली मागून दिग्रसच्या शाळेत आले आणि बाजारापासून जरा लांब, एका जिनिंगच्या मागे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझी खिडकी जिनिंगच्या मैदानात उघडायची. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला पुरुषभर उंचीची भिंत, आणि भिंतीला लागून युसूफभाईंचं घर. ते त्या जिनिंगमध्ये फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांचा रूळ कुठे घासतोय हे ते लांबून आवाजावर सांगायचे, निदान सांगतो असं म्हणायचे तरी. रस्त्यावर त्यांचं पंप आणि मोटारी दुरुस्तीचं छोटं दुकानही होतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. एका हंगामात जिनिंग सुरूच झाली नाही, पुढच्याही झाली नाही. मालकानं यंत्रांवर लक्ष ठेवायला म्हणून फाटकाची किल्ली युसूफभाईंकडे दिली. एरवी ज्या मैदानात कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथे आता गवत आणि युसूफभाई.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते याच मैदानात. थंडीची सकाळ, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, गुडघे जरासे वाकवलेले, आणि दोन्ही हातांनी ते न दिसणाऱ्या कुणाला तरी हळूहळू मागे सारत होते. मी दूधवाल्याला विचारलं, "यांना काय होतं?"

"काई नाई होत, बाई. ताईची करते मिस्त्री."

"कोणत्या ताईची?"

तो हसला. हा विनोद गावानं माझ्या आधीच करून झिजवला होता. चिनी लोकांची कसरत आहे, एवढं त्यानं सांगितलं आणि पुढच्या घरी गेला.

ती कसरत दिग्रसला कशी आली, हे युसूफभाई दर वेळी थोडं वेगळं सांगायचे, पण गाभा एकच. तरुणपणी जिनिंगमध्ये रुईचे बारीक तंतू नाकातोंडात जाऊन त्यांची छाती धरली. दोन पावलं चाललं की धाप. त्यांच्या मामूंचं कलकत्त्याला ट्रकचं गॅरेज होतं, तिकडची हवा तरी बदलेल म्हणून घरच्यांनी पाठवून दिलं. कलकत्त्याची हवा दिग्रसपेक्षा चांगली असेल असं वाटणारी माणसं धन्यच म्हणायची. पण गॅरेजच्या शेजारी एका म्हाताऱ्या चिनी सुताराचं दुकान होतं. तो सकाळी दुकान उघडण्याआधी फुटपाथवर ही कसरत करायचा. युसूफभाई खोकत खोकत बघायचे. म्हाताऱ्यानं एक दिवस काही न बोलता त्यांची मान धरली, बोटानं बेंबीखाली टोचलं आणि खुणेनं सांगितलं, श्वास इथे आण. तिथून सुरुवात झाली. आधी नुसत्या श्वासाची कसरत, तिला ते चीगोंग म्हणायचे, आणि मग ही हालती ताईची. परत आले तेव्हा छाती पूर्ण बरी झाली नव्हती, पण धाप कमी झाली होती आणि माणूस पंपाच्या विहिरीत उतरून वर येण्याइतका झाला होता.

"बरी झाली म्हनत नाई मी," ते सांगायचे. "छातीत जे गेलं ते गेलं. पन जेवढी रायली तेवढी पुरी वापरतो."

शिकवणं मात्र अस्सल मिस्त्रीचं. कंबर म्हणजे शाफ्ट, ती फिरली की हात आपोआप फिरतात. खांदे वर घेतले की ओरडायचे, "नट ढिले करा!" पाऊल उचलण्याआधी त्या पायावरचं वजन पुरतं काढून घ्यायचं, हे त्यांचं मुख्य सूत्र. "पाय रिकामा करा, मंग उचला. क्लच दाबल्याबिगर गेर टाकते का कोनी?" माझा गुडघा त्या वर्षी जिना चढू देत नव्हता. मी आधी खिडकीतून पाहून पाहून खोलीत करायला लागले. एक दिवस त्यांनी मैदानातूनच हाक मारली, "बाई, खिडकीतून चोरून कायले शिकता? फाटक उघडं हाय." मी गेले. गुडघा दुखायचा राहिला असं नाही, पण जिना माझं ऐकायला लागला. आणि हे गेल्यापासून हरवलेली झोप हळूहळू परत आली, हे मला कुणाला सांगायचीही लाज वाटत होती, इतकी ती गोष्ट मोठी होती.

झोपेचीच तर सगळीकडे मारामार होती. त्या वर्षांत आमच्याकडे कुणाच्याही घरी जा, डोळे तांबारलेले. शेतकरी तर होतेच, पण अडते, हमाल, कापडदुकानदार, सगळ्यांचंच कापसाशी बांधलेलं. छातीवर दगड ठेवल्यागत वाटतं म्हणायचे आणि डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर म्हणायचा, हृदय चांगलं आहे. अशी माणसं एकेक करून मैदानात यायला लागली. कुणाला रक्तदाब, तो मलाही होताच, कुणाला साखर, जिनिंगमधल्या दोघी-तिघी बायांना जुना खोकला. युसूफभाई कुणाला नाही म्हणायचे नाहीत, फक्त उशीर करणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचे.

रामराव ड्रायव्हर त्यांतला त्यांचा लाडका. एसटीतून रिटायर झालेला उंच माणूस, पण पाय थरथरायचे. दोनदा पडला, एकदा मनगट मोडलं, आणि मग पडण्याची भीती अशी बसली की अंगणातही भिंत धरून चालायचा. ज्यानं जन्मभर पुसदच्या घाटातून गाडी काढली, तो न्हाणीत जायला बायकोला हाक मारायचा. युसूफभाईंनी त्याला खुर्चीची पाठ धरून उभं केलं. कितीतरी दिवस फक्त या पायावरून त्या पायावर वजन. रामराव कंटाळून म्हणायचा, "मिस्त्री, हे तर नुसतं डुलनं झालं." युसूफभाई म्हणायचे, "डुलनारा पडत नाई. ताठलेला पडते." कापूस वेचून झाला त्या सुमारास रामराव एकटा स्टँडवर गेला, कुणाचा हात न धरता पुसदच्या गाडीत चढला, लेकीला भेटून संध्याकाळी परत आला आणि थेट युसूफभाईंच्या दुकानात येऊन रडला. युसूफभाई त्याच्यावरच ओरडले, "रडता कायले? गिऱ्हाईक पाहून राह्यले!" आणि स्वतः पाठ फिरवून पाना शोधायला लागले.

याच रामरावनं एकदा भर कसरतीत आक्षेप घेतला. त्या कसरतीत एक हात समोरून दुसरीकडे न्यायचा प्रकार आहे, त्याला चिनी लोक ढग म्हणतात. युसूफभाई सांगायचे, "ढग बाजूले सारा." रामराव थांबला. "मिस्त्री, पाऊस नाई, वावरात पऱ्हाटी वाळून राह्यली, आन तुमी आमाले ढग बाजूले सारायले लावता? हे काई बरोबर नाई." सगळे हसले, पण दुसऱ्या दिवसापासून युसूफभाईंनी हात उलटीकडून फिरवला आणि "ढग बोलवा" म्हणायला लागले. त्या चिनी म्हाताऱ्यानं पाहिलं असतं तर पुन्हा मान धरली असती.

एका बाबतीत मात्र ते थट्टा चालवून घ्यायचे नाहीत. नवा माणूस आला की त्यानं आपल्या गोळ्यांचं पाकीट आणून दाखवायचं. मग मैदानाच्या मधोमध उभं राहून युसूफभाई मोठ्यानं सांगायचे, "गोळी सोडायची नाई! गोळी ब्रेक हाय, हे कसरत सर्व्हिसिंग हाय. सर्व्हिसिंग केली म्हनून ब्रेक काढून ठेवते का कोनी?" एका कापडदुकानदारानं बरं वाटतंय म्हणून साखरेची गोळी बंद केली होती. त्याला त्यांनी सर्वांसमोर फाटकाबाहेर काढलं आणि डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय आत घेतलं नाही. आवाज इतका चढवायचे की मी एकदा म्हटलंसुद्धा, "युसूफभाई, आम्ही समोरच उभे आहोत. यवतमाळला ऐकू जावं असं काय आहे त्यात?" ते नुसते हसले.

भिंतीपलीकडे त्यांची बायको होती. जैतूनभाभी. बोरी अरबची माहेरवाशीण, अंगानं जड, रंगानं लख्ख, नवऱ्याच्या घाईवर जन्मभर हसत आलेली. मैदानात पुरुषांमध्ये येऊन हातवारे करायची कल्पनासुद्धा तिला सोसायची नाही. पण तिच्या अंगणात मी एकदा वाटीभर साखर मागायला गेले तेव्हा पाहिलं. भिंतीपलीकडून युसूफभाईंचा आवाज येत होता, "पाय रिकामा करा... कंबर... आता ढग..." आणि इकडे पदर खोचून भाभी करत होती. मी आजवर तशी कसरत पाहिली नाही. युसूफभाई सावकाश करायचे ते जोर लावून, घोड्याला लगाम लावल्यासारखं. हिला सावकाशपणा मुळातच ठाऊक होता. मला पाहून ती लाजली आणि पोळपाटाशी जाऊन बसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले लय वर्सं. त्यायले ठाऊक हाय, पन बोलत नाई," ती म्हणाली. "रक्तदाब होता नं मले. आता डोकं जड होत नाई, झोप लागते. या मानसाचे हात लागले का बाई, मशीन सुदरते, मानूस काहून नाई सुदरनार?"

किती अभिमानानं म्हणाली ते. तिच्या लेखी दिग्रसमध्ये दोनच गोष्टी खऱ्या होत्या, एक अल्ला आणि एक युसूफ मिस्त्रीचा हात. एकदाच तिनं इच्छा बोलून दाखवली. "एक डाव मैदानात, त्यायच्या बाजूले उभी राहून करीन. म्हातारी झाली का मंग कोन काय म्हनते?" मी म्हटलं, आताच चला. तिनं कानांना हात लावला.

त्या वर्षीचा रमजान आला. रोजे असताना रक्तदाबाची गोळी पहाटेच्या जेवणाला, सहरीला घ्यायची, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. सहरीच्या घाईत भाभीची गोळी राहायला लागली. आधी एखाद दिवस, मग रोज. महिना संपला. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही, कसरत चालू होती. ईद झाली तरी तिनं गोळी पुन्हा सुरू केली नाही. कुणाला बोलली नाही. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

बकरी ईद तोंडावर आली असताना एका सकाळी युसूफभाईंनी भिंतीपलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज ऐकला. ते आम्हाला तसंच हात हवेत धरलेल्या अवस्थेत सोडून धावले. फाटकातून वळसा घालून न जाता त्या वयात भिंतीवरून उडी मारून गेले.

यवतमाळच्या इस्पितळात मी आणि शबाना, त्यांची घाटंजीला दिलेली मुलगी, दोघी होतो. भाभीची उजवी बाजू गेली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरनं विचारलं, "बीपीची गोळी चालू होती ना?"

"होती ना साहेब. रोज घेते," युसूफभाई लगेच म्हणाले. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची सवय.

खाटेवर भाभीचा डावा हात हलला. नाही, नाही. शबाना तिच्या तोंडाशी कान नेऊन बसली आणि तुकड्या तुकड्यांनी आम्हाला सांगत गेली. रमजानपासून बंद केली. काही झालं नाही. अब्बाची कसरत पुरते. बकरी ईदेला सांगणार होती अब्बाला, ईदी म्हणून. आणि हे सांगत असताना भाभी चेहऱ्याच्या चालत्या बाजूनं नवऱ्याकडे पाहून हसत होती. तिला वाटत होतं, त्यांना आनंद होईल. त्यांचं तोंड पाहून ते हसू जागच्या जागी राहिलं. मी पाहिलेली सगळ्यांत वाईट गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

मला भाभीचा राग आला. आजारी माणसाचा राग यावा हे बरं नव्हे, पण आला. पुढे तिची जीभ थोडी वळायला लागल्यावर मी न राहवून विचारलंच, "रोज भिंतीपलीकडून ऐकत होतात ना, गोळी सोडायची नाही म्हणून?"

"ते लोकायसाठी, बाई," ती सावकाश म्हणाली. "दुकानदार गिऱ्हाइकाले सांगते ते वेगळं. डाक्टर लोकायले राग येऊ नये म्हनून सांगाच लागते. घरच्याले थोडं ते लागू होते?"

युसूफभाई तेव्हा खोलीत नव्हते, पण व्हरांड्यात होते आणि खिडकी उघडी होती. मी बाहेर आले तेव्हा ते बाकावर बसलेले. त्यांना कधी मी इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "मी एवढ्या जोरानं कोनाले सांगत होतो? तुमाले? तुमी तर समोर उभ्या होत्या."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"मैदानातल्यायची पाकिटं पायली मी. हिचं नाई पायलं. हिले आवाज जाते नं, मंग बस झालं, असं वाटे मले."

भाभीला घरी आणल्यावर त्यांनी जिनिंगची किल्ली मालकाला परत केली. कसरत बंद, शिकवणं बंद. भाभीचं मात्र सगळं केलं. इस्पितळातल्या बाईनं दाखवलेले हातापायांचे व्यायाम रोज करून घेतले, तिला आंघोळ घातली, वेणी घातली. वेणी भयंकर घालायचे. गोळ्या स्वतःच्या हातानं तिच्या जिभेवर ठेवायचे आणि गिळेपर्यंत नजर काढायचे नाहीत. पण ती म्हणाली की तुमी तुमची कसरत करा, मी पाहते, तर उठून बाहेर जायचे.

"तुमी नाई केली तर मी कायले उठू?" ती म्हणायची. तिला उभं राहायचं होतं आणि त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. मैदानात. आता तिला लोकांचीही पर्वा नव्हती. ते तेवढं सोडून सगळं करायला तयार होते.

रामरावचे पाय पुन्हा थरथरायला लागले. तो काठी टेकत दारात आला. "मिस्त्री, थोडं सुरू करा हो. मी न्हाणीत पडता पडता वाचलो."

"मले नाई येत काई," युसूफभाई म्हणाले. "ज्याच्या भरवशावर त्याची बायको पडली, त्याच्याकडून तुमी काय शिकता? जा घरी."

रामराव वळलाच होता, तेवढ्यात आतून हाक आली, "भाऊ, इकडं या. आत या." भाभीनं आयुष्यात परक्या पुरुषाला अशी हाक मारली नसेल. रामराव बिचकत आत गेला. तिनं त्याला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं, खाटेची दांडी धरायला लावली आणि पडल्या पडल्या, जड जिभेनं, शिकवायला लागली. "पाय... रिकामा करा. घाई नाई." डाव्या हातानं ती हवेत ढग बोलवत होती. मग थांबून दम घेतला आणि म्हणाली, "आन गोळी सोडू नका, भाऊ. माह्याकडं पाहा आन सोडू नका."

मी कोपऱ्यात उभी होते. युसूफभाई दारात. त्यांनी ते वाक्य ऐकलं, चपला घातल्या आणि दुपारपर्यंत परत आले नाहीत.

त्यानंतर आम्ही काही जण रोज तिच्याकडे जायला लागलो. ती खाटेवर, आम्ही दाटीवाटीनं तिच्या खोलीत आणि अंगणात. ती गुरू म्हणून नवऱ्यापेक्षा फार बरी होती, ओरडायची नाही. युसूफभाई बाहेरच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसायचे. थंडी पडता पडता ती दोन्ही बाजूंनी धरलं की उभी राहायला लागली. एकदा मी आणि शबानानं धरलेलं असताना तिनं डाव्या पायावरून वजन काढून उजव्यावर घेतलं, पूर्ण, सावकाश, आणि ओरडली, "अजी, देखो तो!" पायरीवरची पाठ हलली नाही. पण खांदे वर गेले होते, कानांपर्यंत. तिला ते दिसलं. "नट ढिले करा," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता शबाना रडायला लागली.

त्याच हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि ती गेली. या वेळी गोळ्या चालू होत्या. वेळेवर, त्यांच्या हातानं. डॉक्टर म्हणाला, पहिल्यानंतर दुसरा येण्याची भीती असतेच, तुम्ही काही कमी केलं नाही. युसूफभाईंनी ते ऐकून घेतलं. ते वाक्य त्यांच्यात कुठे पोचलं असेल असं मला वाटत नाही. ती मैदानात उभी राहिली नाही, एकदाही नाही. याचं मला आज इतक्या वर्षांनीही वाईट वाटतं, आणि कुणावर तरी चिडावंसं वाटतं, पण कुणावर ते सापडत नाही.

भाभीचा चाळिसावा दिवस झाला आणि एका सकाळी, कसरतीची जी वेळ असायची त्या वेळी, माझं दार वाजलं. युसूफभाई उभे होते, डोक्याला मफलर.

"गोळी घेतली?"

"चहा झाला की घेते."

"आता घ्या. माह्यासमोर."

मी पाणी आणलं, गोळी घेतली. त्यांनी माझा घसा हलताना पाहिला, मान डोलवली आणि निघाले. खिडकीतून पाहिलं तर रामरावच्या घराकडे वळत होते. मग खोकल्यावाल्या बायांकडे, मग त्या कापडदुकानदाराकडे. मैदानात येणाऱ्या सगळ्यांची घरं ते रोज सकाळी करायला लागले. पाऊस असो, ऊन असो. लोक आधी गहिवरले, मग वैतागले. कापडदुकानदार म्हणाला, "मिस्त्री सटकले." कुणी दार उघडायला उशीर केला तर ते ओरडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. आता त्यांना कशाची घाई उरली नव्हती. चहासुद्धा हातात तसाच गार होऊन जायचा. छातीत पुन्हा घरघर सुरू झाली होती, माझ्या ओट्यावर चढताना थांबून दम घ्यायचे.

"युसूफभाई, दुसऱ्यांची काळजी पुरे," मी एकदा चिडून म्हटलं. "स्वतः श्वासाची तेवढी तरी करा. तुम्हाला गरज आहे. भाभीनं शेवटपर्यंत केली."

"सुरू केलती एक दिवस," ते म्हणाले. "अंगनात. भिंतीकडं तोंड केलं आन आवाज चढला माह्या. मंग समजलं का आता पलीकडं मीच हाय."

ते पुढे गेले. मी दार लावून घेतलं आणि त्या दिवशी शाळेत जायला मला उशीर झाला.

शेवटी शबाना त्यांना घाटंजीला घेऊन गेली. दुकान विकलं नव्हतं, नुसतं कुलूप लावलं होतं. मी आणि रामराव स्टँडवर गेलो. ते खिडकीशी बसले होते, शबाना सामान वर ठेवत होती. चेहरा उतरलेला, पण मफलर नीट गुंडाळलेला, तिनं गुंडाळून दिला असणार. रामराव गाडीच्या दाराशी उभा राहून ड्रायव्हरला उगाच सूचना देत होता. युसूफभाईंनी मला खिडकीजवळ बोलावलं.

"रामरावकडं सकाळी कोन जाईन?"

"मी जाईन."

"अन त्या बायायकडं?"

"त्यांच्याकडेही जाईन. रोज. तुम्ही काळजी करू नका."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "आन तुमच्याकडं कोन येईन?"

हे मला अपेक्षित नव्हतं. माझ्याकडे येणारं तसं कुणीच नव्हतं. मी हसून म्हटलं, "माझ्याकडे कशाला कुणी? माझी मी घेईन की."

कंडक्टरनं बेल मारली. गाडी सुरू झाली.

"तीबी हेच म्हने," ते म्हणाले.